कोर्सीखालची चेरी

ही गोष्ट १९७५च्या हिवाळ्यातली. इराणमधल्या हमदानमध्ये चार महिने अंगणात गुडघाभर बर्फ असायचा, आणि अशा गावात मिर्झा हबीबनं आदल्या उन्हाळ्यात फ्रीझर विकत आणला होता. फ्रीझर पाहुण्यांच्या खोलीत बसला. मिर्झाच्या बायकोनं, इशरतनं, वर भरतकामाचं कापड घातलं आणि आत आंबट चेरीची एक पिशवी टाकली. मुरंब्याच्या सगळ्या बरण्या मिर्झा हबीबनं सकाळच्या चहाबरोबर संपवल्या, तेव्हा उरली ती पिशवीच.

नेमकी तिचीच गरज पडली. कौकब-खानुमचा निरोप आला : गुरुवारी दुपारी येते, मुलीच्या हातचा चेरीचा मुरंबा चाखेन म्हणते. जमशीद तिचा एकुलता एक मुलगा, त्याच्यासाठी ती मुलगी बघत होती. आधी दोन घरांतून ती मुरंबा चाखून उठून गेली होती. एकीकडे पाक काळपट होता, दुसरीकडे फळं फुटलेली. इशरतच्या लेकीला, सिमीनला, जमशीदच हवा होता. ती तसं कधी बोलली नाही. पण त्याच्या जाण्यायेण्याच्या वेळी हटकून दारातला बर्फ काढायची, बर्फ नसला तरी.

गुरुवारी सकाळी सिमीन शाळेत शिकवायला निघाली. "मामान, पिशवीला हात लावू नकोस. गोठलेली फळं तशीच साखरेत पुरायची असतात. आधी वितळली की फुटतात. बाराला येऊन मी करते."

इशरतनं मान डोलावली. पण लेक गेल्यावर तिला वाटलं, या दगडांना मुरायला संध्याकाळ होईल. तिनं पिशवी कोर्सीखाली सरकवली. बुटकं मेज, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर मोठी रजई. भात शिजेपर्यंत ती नरम होईल, असा तिचा हिशेब होता.

बारा वाजता सिमीन आली. इशरतनं सांगितलं तशी तिनं रजई उचलली. मिर्झा हबीब पाय आत घालून वर्तमानपत्र वाचत होता. त्याचे दोन्ही मोजे लालभडक झाले होते.

"अहो, तुम्हाला पायाखाली काही लागलं नाही?" इशरतनं विचारलं.

"लागलं ना. गार होतं. मला वाटलं मांजर आहे."

"गार मांजर?"

"मेलं असेल असं वाटलं. तू कामात होतीस, म्हणून बोललो नाही."

मांजर फ्रीझरवर, भरतकामावर झोपलं होतं.

पिशवी एका कोपऱ्यात फाटली होती. मोज्यात गेलं ते मोज्यातच राहिलं. आतला लगदा स्वच्छ होता. सिमीननं बाह्या वर सारल्या. पोरीनं लगद्यातल्या बिया काढल्या, साखर घातली, पाक एकतारी होईपर्यंत फेस काढत राहिली, शेवटी लिंबू पिळलं. रंग सुरेख आला. फळ मात्र एकही अख्खं नव्हतं.

कौकब-खानुम आली. चमचा बरणीत फिरवला. "फळं कुठायत?"

"तेहरानला हल्ली असाच करतात," इशरत म्हणाली. रात्रभर पाठ केल्यासारखं.

"बाबांचे पाय पडले त्यावर," सिमीन म्हणाली. "पिशवीवरून. कोर्सीखाली."

इशरतनं डोळे मिटले. झालं, आता ही उठणार.

कौकब-खानुम उठली नाही. तिनं मिर्झा हबीबच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "लग्नाला सहा महिने झाले होते माझ्या. कणीक फुगायला कोर्सीखाली ठेवली होती. आमचे हे, हाजी-आगा, बाजारातून आले आणि घोट्यापर्यंत आत गेले."

"अगं बाई. मग?"

"मग काय, रोट्या केल्या. सासरे म्हणाले, आज मीठ नेमकं पडलंय. तीस वर्षांत कुणाला बोलले नाही." तिनं आणखी एक चमचा घेतला. "मुलगी खोटं बोलत नाही, ते बरं आहे. माझी एकच अट. पोरांच्या घरात कोर्सी नको. रॉकेलचा हीटर घ्या."

लग्न वसंतात झालं. हीटर मिर्झा हबीबनं दिला. त्याच्या मोज्यांचा डाग गेला नाही. ते पुढं १९९१पर्यंत, म्हणजे त्याच्याइतकेच, टिकले. कौकब-खानुम मरेपर्यंत दर हिवाळ्यात सुनेचा मुरंबा खायची आणि फळं कुठायत म्हणून विचारायची. जमशीद मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. सिमीनकडे आता दोन फ्रीझर आहेत आणि दोन्हींना कुलूप आहे. इशरत शहाऐंशीची होऊन गेली. त्या दिवसाचा विषय निघाला की ती शेवटपर्यंत एवढंच म्हणायची, "पण वेळ वाचला की नाही?"