बांबूच्या आतली बाजू

ग्रामपंचायतीच्या मतदानाला चार दिवस उरले असताना आमच्या बुद्धवाडीच्या वाटेवर आडवे बांबू लागले. करोनाचा पेशंट एकच, कपिल, आणि तो आठवडाभर कर्जतला सेंटरमध्ये होता. म्हणजे रोग बाहेर आणि आम्ही आत. हा शोध गावच्या दक्षता समितीने लावला. समितीचे अध्यक्ष भिवाजी आणि आमच्या वॉर्डाचे उमेदवार त्यांचेच चिरंजीव नवीनशेठ. त्यांचं रिसॉर्ट कळंबला आहे आणि हृदय गावात, असं बॅनरवर लिहिलं होतं. त्यांच्यासमोर उभी होती आमची गंगामावशी. वाडीची साठ मतं घरात बसली की नवीनशेठ निवडून आलेच, हे वाडीतल्या कोंबड्यांनाही कळत होतं.

बांबू बांधले चंदरमामाने. गावात मांडव असो की कुंपण, गाठ मारायला मामाच लागतो. शेवटची गाठ आवळल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण आतल्या बाजूला उभे आहोत. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

नवीनशेठ पलीकडे उभे होते, मास्क हनुवटीवर.

"तुमच्याच तब्येतीसाठी हाय हे, मावशी. मत काय, पुढच्या टायमाला बी देता येतंय."

पुढचा टाइम पाच वर्षांनी. माणूस किती काळजी करतो बघा.

मी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एवढंच माझं भांडवल. शाळेच्या भिंतीवरच्या नोटिशीचा फोटो मैत्रिणीने पाठवला. विलगीकरणातल्या आणि ताप असलेल्या मतदारांनी शेवटच्या अर्ध्या तासात मत द्यावं, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. समितीने नोटीस चिकटवली होती, वाचली नव्हती. मी निवडणूक अधिकाऱ्यांना फोन केला. परत केला. तिसऱ्यांदा नोटीसच वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "हो, हो, बरोबर आहे."

मतदानादिवशी संध्याकाळी पाचला आरोग्य केंद्रातल्या समिधा सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "सोडा." मामाने गाठ सोडली, दोरी खांद्यावर टाकली आणि आम्ही साठजण शाळेकडे निघालो. रस्त्यावरच्या लोकांनी दारं लावून घेतली. सकाळी हेच लोक मतदानाच्या रांगेत एकमेकांच्या अंगावर पडत होते.

शाळेसमोर चुन्याचे गोल काढले होते. आम्ही एकेका गोलात उभे राहिलो, मावशी सगळ्यात शेवटी. तेवढ्यात नवीनशेठची गाडी आली. आतून उतरल्या त्यांच्या आई, आनंदीबाई. सकाळी शाळेच्या दारावरच्या मशीनने त्यांना दोनदा ताप दाखवला होता आणि नियमाप्रमाणे संध्याकाळी यायला सांगितलं होतं.

"आईला आधी घ्या," नवीनशेठ म्हणाले. "तिला साधं व्हायरल हाय. ह्यांच्यात कशाला उभी करता?"

"ताप असलेल्यांची रांग एकच आहे," सिस्टर म्हणाल्या.

आनंदीबाई मावशीच्या मागच्या गोलात येऊन उभ्या राहिल्या. मावशीने मागे वळून पाहिलं.

"आनंदीबाय, लई थकलीस गं. किती दिवस हाय ताप?"

"आठ दिस झाले, गंगे. वास बी येत नाय कशाचा. निवडणूक होईस्तवर कोनाला बोलू नको म्हनले."

नवीनशेठनी मास्क नाकावर ओढला. चार दिवसांत पहिल्यांदाच.

चंदरमामा मत देऊन बाहेर आला होता. त्याने खांद्यावरची दोरी काढून हातात घेतली.

"नवीनशेठ, बांबू सुटलेत आता. कुठं बांधू, सांगा."

नवीनशेठ मोबाईल बघायला लागले. उत्तर आनंदीबाईंनी दिलं.

"आमच्या दारात बांध रं, चंदर. आधीच बांधायचा व्हता."

गंगामावशी नऊ मतांनी निवडून आली. आनंदीबाईंनी मत कोणाला दिलं, ते आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. नवीनशेठनी मात्र नक्की विचारलं असणार.