दहा नावांचा फळा

मी एक फळा. लाकडाला काळा रंग फासून केलेला नव्हे, अस्सल पाटीच्या दगडाचा. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या खाणीत कामगारांनी मला छिनीनं सोलून काढलं, घासून गुळगुळीत केलं आणि उत्तर फिलाडेल्फियातल्या एका शाळेत धाडून दिलं. तिथं चाळीस वर्षं मी पाढे अंगावर वागवले. मधल्या सुट्टीत पोरांनी काढलेली मास्तरांची चित्रंही सोसली. मग शाळा बंद पडली. बाकं गेली, घंटा गेली. मी जड, म्हणून भिंतीवर तसाच राहिलो.

मला न्यायला आले लूशियस टॉलिव्हर. समोरच्या गल्लीत टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांची मुष्टियुद्धाची तालीम होती. बरोबर चार दांडगे गडी आणले होते. जिन्याच्या वळणावर एकाचा हात सुटला आणि माझा खालचा कोपरा उडाला. तो बिचारा शरमला. टॉलिव्हर म्हणाले, "असू दे रे. माझ्या तालमीत धड नाकाचं तरी कोण आहे?"

त्या दिवसापासून माझ्या अंगावर पाढ्यांच्या जागी माणसं आली.

दर शनिवारी दुपारी तालीम सुटली की टॉलिव्हर हात धुऊन माझ्यासमोर उभे राहायचे. मला आधी कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि मग दहा नावं लिहायचे. देशातले उगवते हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातले मुष्टियोद्धे. किताबाची लढत अजून वाट्याला न आलेले, पण एक ना एक दिवस जे तिथवर पोचतील असे. एक नंबर सगळ्यात वर, दहावा खाली. नियम एकच होता. ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी लढताना पाहिलं, त्याचंच नाव लिहायचं. त्यासाठी ते बसनं क्लीव्हलंडला जात, डेट्रॉइटला जात, बरोबर बायकोनं बांधून दिलेलं तळलेलं चिकन आणि पाव.

महिन्यातून एकदा मॉर्ट वाइनट्रब यायचा. तो एका मासिकात मुष्टियोद्ध्यांची क्रमवारी लिहायचा, आणि त्या क्रमवारीवर कोणाला कोणती लढत मिळायची ते ठरायचं. हातात मोहरीची चटणी फासलेला प्रेट्झेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव, आणि बगलेत वही. माझ्यासमोर उभा राहून तो वाद घालायचा.

"लू, तो सेंट लुइसवाला कुठं गेला? सव्वीस लढती जिंकलाय!"

"कोणाशी जिंकला?"

"जिंकला ना!"

"मेलेल्याला मारून कोणी पहिलवान होतं का, मॉर्ट? आणि मोहरी सांडू नकोस माझ्या फरशीवर."

कुरकुरत का होईना, मॉर्ट बहुतेक वेळा माझीच नावं उतरवून न्यायचा. मला त्याचा मोठा अभिमान वाटे.

क्लिओफस ग्रँडी आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पियानोच्या एका दुकानात पियानो वाहून न्यायच्या कामाला होता. सहा फूट चार इंच उंची, मान खाली, बोलणं कमी. टॉलिव्हरांनी त्याला पहिले तीन महिने कोणाला हातच लावू दिला नाही. खोलीभर एक दोरी बांधली आणि तिच्याखालून डावीकडे-उजवीकडे वाकत चालायला लावलं. बाकीचे हसायचे. "काय रे, काय हरवलंय? शोधून देऊ का?" क्लिओफस हसायचा नाही, चालत राहायचा. रोज पहाटे सहा मैल पळून मग पियानो उचलायला जायचा. मी शाळेत खूप मुलं पाहिली. इतका मन लावून शिकणारा विद्यार्थी पाहिला नव्हता.

टॉलिव्हर त्याच्यासाठी प्रतिस्पर्धी असे निवडायचे, जसा चांगला मास्तर धडे निवडतो. आधी एक उंच. मग एक डावखुरा. मग एक असा, जो डोकं मारायचा, कोपर मारायचा आणि पंचाकडे साळसूदपणे पाहायचा. मग एक म्हातारा, जो काही केल्या पडतच नसे. त्या लढतीनंतर क्लिओफस रडकुंडीला आला होता. "मिस्टर लू, दहा फेऱ्या मारत होतो हो मी त्याला!" टॉलिव्हर म्हणाले, "हेच शिकायचं होतं. सगळे पडत नाहीत."

तीन वर्षांनी त्यांनी त्याचं नाव माझ्यावर लिहिलं. दहावं. दुसऱ्या दिवशी क्लिओफस चर्चमधून परस्पर आईला घेऊन आला. मिसेस ग्रँडी पिसाची टोपी घालून, जिना चढून धापा टाकत आल्या आणि माझ्याकडे रोखून बघायला लागल्या.

"माझ्या लेकाचं नाव सगळ्यात खाली का?"

"बाई," टॉलिव्हर हात जोडल्यासारखे करत म्हणाले, "तुम्ही जिना वरून चढलात का?"

त्या खो खो हसल्या. पुढच्या दोन वर्षांत ते नाव आठवर गेलं, सातवर गेलं, बॉल्टिमोरची लढत जिंकल्यावर पाचवर गेलं. मासिकातही पाचवर छापून आलं. न्यूयॉर्कला पहिल्या क्रमांकाच्या गड्याशी लढत ठरली. ती जिंकणाऱ्याला जगज्जेत्याशी किताबासाठी लढायला मिळणार होतं. तालमीत सगळ्यांच्या पायांना जणू स्प्रिंगा लागल्या होत्या. आठवलं की आजही बरं वाटतं.

फक्त टॉलिव्हर गप्प होते. बॉल्टिमोरपासून क्लिओफस मान जराशी डावीकडे वळवून लढायला लागला होता. इतरांच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या आलं.

एक दिवस दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्यांनी सातव्या ओळीतलं नाव पुसलं आणि तिथं 'व्हर्लीन ग्रँडी' लिहिलं. क्लिओफसच्या आईचं नाव. मग त्याला हाक मारली, माझ्यापासून पाच पावलांवर उभं केलं आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर आपला तळहात ठेवला.

"वाच."

"हे काय हो, मिस्टर लू?"

"वाच म्हणतो ना."

त्यानं वाचलं. एक, दोन, तीन. धडाधड, न अडखळता. सातव्या ओळीवर आला आणि डेट्रॉइटच्या गड्याचं नाव घेतलं, जे आता तिथं नव्हतंच. आठ, नऊ, दहा. सगळी पाठ होती त्याला.

टॉलिव्हरांनी हात काढला. क्लिओफसनं दोन्ही डोळ्यांनी सातवी ओळ पाहिली. खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र तेवढं फुसफुसत होतं.

"कधीपासून?"

"बॉल्टिमोरची चौथी फेरी," तो म्हणाला. "आधी पडद्यासारखं आलं. वाटलं, जाईल."

"आणि डॉक्टरनं तपासलं तेव्हा?"

"त्यांचा तक्ताही पाठ केला."

टॉलिव्हरांनी फडकं घेतलं आणि पाचवी ओळ पुसली. हळूच, जपून, जसं कोणी झोपलेल्या मुलाचं तोंड पुसतं.

"लिहा परत," क्लिओफस म्हणाला. "एकच लढत. मग मी स्वतः पुसतो."

"दुसरा डोळाही जाईल."

"माझा डोळा आहे!"

"हो. आणि फळा माझा आहे."

"मग मी दुसऱ्या वस्तादाकडे जातो. न्यूयॉर्कला ढीगभर आहेत!"

"जा," ते म्हणाले.

पण तो गेला नाही. शनिवारी नेहमीसारखा आला, कोपऱ्यात बसून हाताला पट्ट्या गुंडाळायला लागला. त्याच दिवशी मॉर्ट आला. प्रेट्झेल तोंडाशी नेता नेता थांबला.

"लू, पाचवी ओळ कोरी आहे."

"हो."

"ग्रँडी कुठं गेला? मी छापायचं काय? काहीतरी कारण दे!"

दोरीच्या उड्या थांबल्या. टॉलिव्हर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आळशी झालाय. पळायला जात नाही. अंगात दम राहिला नाही त्याच्या."

ते खोटं होतं. माझ्यासमोर त्यांनी उच्चारलेलं ते एकुलतं एक खोटं. डोळ्याची गोष्ट एकदा छापून आली, की तालमीची, लढतीची, सगळीच दारं कायमची बंद होणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्याची अब्रू झाकायला म्हणून ते तसं म्हणाले असतील. किंवा, आळशी म्हटलेलं आपल्या शिष्याला सोसणार नाही, हे ओळखून होते, म्हणून. खरं काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

क्लिओफस उठून उभा राहिला. हातावरची पट्टी अर्धी सुटून जमिनीवर लोळत होती.

"आळशी? मी?" तो म्हणाला. "पाच वर्षांत एक पहाट चुकवली नाही मी! आई आजारी होती तेव्हासुद्धा पळालो! आळशी कोणाला म्हणता?" तो मॉर्टकडे वळला. "लिहा, मिस्टर वाइनट्रब. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. हे लिहा. पण आळशी लिहू नका."

मॉर्टनं वही मिटली. त्या दिवशी त्यानं काहीच लिहिलं नाही. जाताना क्लिओफसच्या दंडावर थोपटलं आणि अर्धा प्रेट्झेल तसाच खिडकीत विसरून गेला.

डॉक्टरांनी उजवा डोळा वाचवला. डाव्याला उशीर झाला होता. क्लिओफस तालमीत यायचा बंद झाला. टॉलिव्हरांनी महिनाभर पाचवी ओळ कोरीच ठेवली. नऊ नावांचा फळा बघून नवी पोरं विचारायची, "मोजायला चुकलात का, मिस्टर लू?" ते पुढची ओळ लिहायला घेत.

वर्षं गेली. दांडगी पोरं फुटबॉलकडे वळली. तालमीत पाच-सहा जण उरले. टॉलिव्हरांच्या हाताला कंप सुटला. खडू माझ्यावर टेकला की टकटक वाजायचा, अक्षर उमटायचं नाही. एका शनिवारी त्यांनी खडू खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

आणि एका दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली. क्लिओफस. अंगानं भरलेला, कानशिलावरचे केस पिकलेले. ज्या दुकानात पियानो उचलायचा, तिथंच आता पियानोचे सूर जुळवायला बसायचा. "डोळा लागत नाही त्याला," तो म्हणाला, "कान लागतो."

"बस," टॉलिव्हर म्हणाले. जणू काल गेला होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ही नावं तर गेल्या उन्हाळ्यातली आहेत."

"हात चालत नाही."

क्लिओफसनं फडकं घेतलं, मला पुसलं, खडू घेतला. "सांगा."

तेव्हापासून चार वर्षं तो लिहायचा आणि ते सांगायचे. दोघं बसनं लढती पाहायला जायचे आणि येऊन भांडायचे.

"हा सहावा? अहो, काहीतरीच!"

"तू पाहिलास का त्याला नीट?"

"एका डोळ्यानं पाहिला. तुम्ही दोन डोळ्यांनी झोपला होतात!"

टॉलिव्हर खुर्चीतून पडतील असं हसायचे. तसले शनिवार पुन्हा माझ्या नशिबी आले नाहीत.

ते वारले त्या आठवड्यात जी दहा नावं माझ्यावर होती, ती अजून आहेत. इमारत विकली गेली तेव्हा क्लिओफसनं मला पियानोच्या दुकानात आणलं, जे तोवर त्याचंच झालं होतं, आणि वरून काच बसवली. त्या दहांतला कोणीच जगज्जेता झाला नाही. गिऱ्हाइकं विचारतात, "हे कोण लोक?" क्लिओफस म्हणतो, "चांगले होते."

परवा एक गृहस्थ आले. साठी उलटलेली, जाड बोटं, नाक दोनदा मोडलेलं. पियानोकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ माझ्यासमोर आले. टोपी काढली. टोलिडोहून बसनं आले होते. आठव्या ओळीत लिहिलं आहे, लेव्हर्न टीग. ते लेव्हर्न टीग.

"कोणीतरी म्हणालं होतं, म्हाताऱ्यानं माझं नाव लिहिलंय," ते म्हणाले. "माझा विश्वास बसला नव्हता. मासिकात कधी आलंच नाही."

"मी सातवं म्हणत होतो," क्लिओफस म्हणाला. "मिस्टर लू म्हणाले, मारताना याचा उजवा हात खाली येतो."

"यायचा," टीग म्हणाले. ते हसत होते आणि डोळे पुसत होते. "खरंच यायचा हो."

मग त्यांनी काचेवर बोट ठेवून आपलं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू गिरवलं.

क्लिओफसचंही आता वय झालंय. त्याच्यामागे हे दुकान कोण घेईल, माहीत नाही. जो घेईल, त्याला माझं एवढंच सांगणं. जागा हवी असेल तर मला खुशाल अंगणात नेऊन ठेवा. मी दगड आहे, ऊनपाऊस सोसेन. फक्त काच काढू नका. अजून नऊ जण यायचे आहेत.