लोखंडावरची शपथ

नवरा नास्तिक असला की बायकोला दोघांच्या वाटचा देव एकटीनं सांभाळावा लागतो. एकतीस वर्षं मी तेच करतेय. रविवारी पांढरा झगा घालून चर्चला जाते, स्वतःसाठी मागते, यांच्यासाठी मागते, आणि घरी येऊन यांचीच बोलणी ऐकते. आमचे हे म्हणजे अजिबोये मास्तर. मुलांच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतात, आणि आमच्या इसेयिन गावात ज्याला म्हणून वेळ आहे त्याला धरून सांगतात की देव नाही. चर्चचा नाही, मशिदीचा नाही, आपल्या पणजोबांचाही नाही. लोक वाद घालतात, हसतात, वर जेवायला वाढतात. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं.

माझं सगळं बिनसलं ते कोर्टात.

आमची आयिंके नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तिचा डावा डोळा उघडत नव्हता आणि कडेवर इबिदुन होती, माझी नात, चार वर्षांची. त्या घरात पोरीनं काय काय पाहिलं देव जाणे. कुणा पुरुषाचा आवाज जरा चढला, मग तो रेडिओवरचा का असेना, की ती टेबलाखाली. हे घरात वाद घालायला लागले तरी टेबलाखाली. त्या महिन्यात यांनी पहिल्यांदा हळू बोलायला शिकून घेतलं.

बोयेगानं, आमच्या जावयानं, इबिदुनच्या ताब्यासाठी दावा लावला. कोर्टात त्यानं बायबलवर हात ठेवला आणि म्हणाला, मी बायकोला बोटही लावलेलं नाही, ती न्हाणीघरात पडली. त्याच्या आईनंही हात ठेवला आणि तेच म्हणाली, तेही डोळे पुसत. कोर्टाच्या अध्यक्षबाईंनी आम्हाला विचारलं, "मारताना कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? असेल तर बुधवारी आणा. नसेल तर पोर बापाकडे जाईल."

कुणीच पाहिलं नव्हतं. त्या दिवशी हे तिला आणायला गेले तेव्हा ती आधीच रस्त्यावर येऊन उभी होती.

आठवडाभर मी यांच्या मागे भुणभुण लावली. "म्हणा ना, दारातून पाहिलं. एवढंच म्हणा."

"पाहिलं नाही ते पाहिलं कसं म्हणू?"

"खोटं आहे का ते? मारलं की नाही त्यानं?"

"मारलं. पण मी पाहिलं नाही."

"तुम्हाला भीती कुणाची आहे हो? वर कुणी नाही म्हणता ना?"

"म्हणूनच तर," हे म्हणाले. "वर कुणी असतं तर माफी मागून मोकळा झालो असतो."

असल्या माणसापुढे कपाळ बडवून घ्यायचं नाही तर काय करायचं!

बुधवार आला. टेबलावर तीन वस्तू मांडलेल्या: बायबल, कुराण, आणि लाल फडक्यावर लोखंडाचा एक तुकडा, कधीकाळी कुणाच्या कोयत्याचं पातं असेल. जुना धर्म पाळणारे त्याच्यावर शपथ घेतात, लोखंडाच्या देवाची, ओगूनची. कारकून तौफीक यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं कागद पुढे ओढला.

"मास्तर, धर्म?"

"काही नाही."

"म्हणजे चर्च नाही?"

"नाही."

"आणि आमची मशीदही नाही, ते मला ठाऊक आहे." त्यानं खाली मान घालून लिहिलं. "जुना धर्म."

"अरे गाढवा, तोही नाही!"

कोर्ट हसलं. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "मास्तर, हा तुमचा वर्ग नाही. माझ्या टेबलावर तीन वस्तू आहेत. एक उचला, नाहीतर घरी जा."

मी मनात म्हणत होते, बायबल घ्या, बायबल घ्या. त्याच्यावर थोडं इकडेतिकडे झालं तर मी आहे ना! रविवारी गुडघे टेकून मी ते निस्तरलं असतं. बोयेगाच्या आईनंही तोच हिशेब केला असणार. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आयिंकेकडे पाहिलं. ती बाकावर इबिदुनला अशी घट्ट धरून बसली होती की पोरीचा फ्रॉक गळ्यापर्यंत वर आला होता.

"त्या दोन पुस्तकांबद्दल मला शंका आहेत," हे म्हणाले. "लोखंडाबद्दल नाही. लोखंड आहे, हे मी सिद्ध करून दाखवू शकतो." आणि तो तुकडा उचलून त्यांनी जिभेला लावला. तौफीकनं सांगितलं तसं त्याच्यामागून म्हणाले, "मी खोटं बोललो तर ओगूननं मला घ्यावं." मग अगदी शांतपणे सांगितलं, "मी दारातून पाहिलं. त्यानं तिला दोनदा मारलं. दुसऱ्यांदा ती पडली होती तेव्हा."

मीच सांगितलं होतं, 'दारातून पाहिलं' हे शब्दही माझेच. पण लोखंडावर?

त्याच दुपारी इबिदुन आमची झाली. बोयेगाच्या बाजूचे लोक गप्प बसले. लोखंडावर शपथ घेऊन दिलेल्या साक्षीला आमच्याकडे कुणी उलट प्रश्न विचारत नाही. बाहेर आल्यावर आयिंके बापाच्या पायांवर पडली. मी नुसती उभी होते आणि दिवस मोजत होते. सात. खोटी शपथ घेणाऱ्याला ओगून सात दिवसांत घेतो.

तुम्ही म्हणाल, तू तर चर्चची, तुला काय त्याचं? आमचे पाद्रीही तेच म्हणाले. ओगून म्हणजे मूर्ती आहे, काही नाही, तीन दिवस उपास कर. पण गेल्या वर्षी जमिनीच्या भांडणात ते लोखंड समोर आलं तेव्हा हेच पाद्री ताप आलाय म्हणून उठून आले होते. मला कुणी शिकवू नये.

आणि लोखंड कुठे नसतं सांगा. मी रस्त्याकडेला चवळीच्या पिठाचे वडे तळते, माझी कढई लोखंडाची, झारा लोखंडाचा. यांची मोटारसायकल. घरासमोरून जाणारा एकेक ट्रक. पहिल्या दिवशी मी सुऱ्या लपवल्या. दुसऱ्या दिवशी यांचं दाढीचं पातं. भेंड्या हातानं मोडून शिजवल्या तर हे ताटात बघत बसले.

"आयिंकेची आई, मोटारसायकलची किल्ली कुठे आहे?"

"मला काय माहीत! चालत जा. पोट सुटलंय तुमचं."

"माझ्या रक्तातही लोखंड आहे. तेही काढून पिठाच्या डब्यात लपवतेस का?"

इबिदुन खदखदून हसली. त्या घरात हे पोर असं कधी हसलं नसेल. मीही हसायला हवं होतं. पण माझ्या पायांना जशी भिंगरी लागली होती. यांच्यामागून शाळेपर्यंत जायची, झाडाआड उभी राहायची, परत यायची, पीठ घोटायची, ते टाकून पुन्हा रस्त्यावर. एकदा ट्रकनं जोरात ब्रेक मारला, तर झारा हातातून सुटून तेल उडालं. भाजलेल्या हाताकडे बघून मला बरंच वाटलं. म्हटलं, घे, माझंच घे.

सहाव्या दिवशी मी बाबा ओगुंदेलेंकडे गेले. ते लोहार, आणि ओगूनच्या पूजेचा मानही त्यांच्याच घराकडे. भात्याशी बसले होते. झगेवाल्या चर्चची बाई दारात बघून त्यांनी एक भुवई वर केली.

"वाट चुकलीस का, आयिंकेची आई?"

मी सगळं सांगितलं. म्हटलं, "बाबा, खोटं माझं होतं. त्यांनी नुसतं उच्चारलं. शपथ माझ्या अंगावर घ्या."

"ते काय डोक्यावरचं ओझं आहे, ह्याच्याकडून उतरवून त्याच्यावर ठेवायला?"

"पण ते मानतच नाहीत काही! न मानणाऱ्याला ओगून कशाला घेईल?"

"मानत नाही ते मला ठाऊक आहे. कोयत्याला धार लावून न्यायला येतो, तासभर माझ्याशी भांडतो आणि जातो. मला आवडतो तो." त्यांनी विस्तव खालीवर केला. "तेच वाईट आहे बघ. रोज खोटं बोलणाऱ्यानं खोटी शपथ घेतली तर ओगूनला त्याचं काय! पण हा माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही, आणि बोलला ते लोखंड जिभेला लावून."

"मग करू काय?"

"तू काही करू नकोस. त्यानं उद्या त्याच कोर्टात, त्याच लोकांसमोर जाऊन सांगायचं की मी खोटं बोललो. मग माझ्याकडे यायचं. पुढचं मी बघतो, सुटेल तो."

"आणि पोर?"

"पोरीचं मी काय सांगू?" बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता भाता ओढायला लागले.

घरी आले तर हे अंगणात वह्या तपासत होते. मी उंबऱ्यावरच बसले आणि सांगून टाकलं. वाटलं, हसतील, रसायनशास्त्र ऐकवतील. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"जातो मी," हे म्हणाले. "उद्या सकाळी कोर्टात जातो."

"काय?"

"लोखंडासाठी नाही, ते तू डोक्यातून काढ. सहा दिवस तू जेवलेली नाहीस. हात भाजून घेतलास. माझ्यामागून झाडाआड उभी राहतेस, अख्खी शाळा मला चिडवते. आणि खोटं बोललो ते मलाही टोचतंय, नाही असं नाही." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पण इबिदुन जाईल. ते तुला कळतंय ना? तू म्हणशील तसं करतो."

एकतीस वर्षांत माझ्या भीतीखातर हा माणूस बोटभर हलला नव्हता. आणि आज मी हो म्हटलं असतं तर उठून गेला असता.

इबिदुन तिथेच होती. टेबलाखाली नाही, टेबलावर, पाय हलवत, वडा खात. शेजारचा लतीफ रस्त्यावरून कुणावर तरी जोरात खेकसला. तिनं मान वळवून पाहिलं, आणि पुन्हा वडा खायला लागली.

मी यांच्याकडे बघितलं. पांढरे खुंट वाढलेली हनुवटी, शाईचं बोट. हा माणूस मला हवा होता. कुणी सांगू नये मला की नव्हता. लग्नाच्या दिवशी हवा होता त्याहून जास्त हवा होता.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"अगं पण तू..."

"लोखंडच तर आहे. त्याला काय कळतंय?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग असे हसायला लागले की वह्या मांडीवरून खाली पडल्या. "आयिंके! अगं बाहेर ये! तुझ्या आईनं काय म्हटलं ऐक! एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मी दगडावर डोकं आपटत होतो!" त्यांनी इबिदुनला उचललं, गोल फिरवलं, मला खांद्याला धरून हलवलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी हसले. ओगून आहे यावर माझा जितका विश्वास त्या घटकेला होता तितका आधी कधीच नव्हता, आणि मी त्याला माझा माणूस देऊन टाकला होता.

सातव्या दिवशी मी किल्ली काढून दिली. हे शीळ घालत गेले. मी कढई चुलीवर ठेवली, उतरवली, पुन्हा ठेवली. प्रार्थना केली नाही. कोणत्या तोंडानं करणार, आणि कुणाकडे? दोन वाजता मोटारसायकलचा आवाज आला, आणि मागून पाव घेऊन हे आले, उन्हानं लाल झालेले, भूक लागलीय म्हणत.

त्याला आठ महिने झाले. यांना काहीही झालेलं नाही, साधं खरचटलंही नाही. आमचे पाद्री म्हणतात देवानं राखलं, हे म्हणतात राखायला कुणी होतंच कुठे. मला दोन्ही पटत नाही. मरण टळलं असेल, पण मी दिलं ते दिलंच. आता हे जेवताना, झोपताना, नखं कापतानाही मी बघत बसते, आणि यांना वाटतं बायकोचं प्रेम वाढलंय.

गावभर सांगत सुटलेत, माझी बायको बघा, नुसत्या विचारानं भीतीतून मोकळी झाली. गेल्या आठवड्यात शाळेला जाता जाता माझ्या चुलीशी थांबले.

"खरं सांगू?" हे म्हणाले. "त्या दिवशी मी कोर्टात कबूल करायला निघालोच होतो. तुझ्या काळजीनं माझंच डोकं फिरलं होतं. तू घाबरली नाहीस म्हणून सगळं निभावलं. वाचवलंस तू मला."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. "किती देऊ?" मी त्याला विचारलं, आणि यांच्याकडे वर बघितलं नाही.