रक्तातलं वय

दोघं भाऊ सुतार. थोरला एकसष्टचा, धाकटा सत्तावन्नचा. फळी निवडायची थोरल्याने आणि उचलायची धाकट्याने, हा त्यांच्या कारखान्याचा कायदा.

दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांवरून शरीराचं खरं वय काढून देत. आजार दाराशी येण्याआधी सावध झालेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. थोरल्याच्या बायकोने दोघांना धरूनच नेलं. रिपोर्ट आला. थोरला पंचावन्न, धाकटा सहासष्ट.

दुसऱ्या दिवशी धाकटा थेट थोरल्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

"आजपासून दादा मी. अकरा वर्षांनी मोठा आहे तुझ्याहून. ती जाड फळी आण."

थोरल्याने मुकाट्याने फळी आणली. त्याच्या बायकोनेही हे मान्य केलं. "बरोबर आहे भावोजी, या वयात साखर चांगली नाही," म्हणत तिने चहा बिनसाखरेचा दिला.

धाकट्याने मोठेपण मनावर घेतलं. दुपारी थोरल्याला विचारायचा, "जेवलास का रे?" संध्याकाळी त्याच्या हातातली करवत काढून घ्यायचा.

आठवड्याने थोरल्याच्या लक्षात आलं, की धाकटा घास एकाच बाजूने चावतो.

"दादा, जरा तोंड उघडा," तो म्हणाला.

आत एक दाढ पार किडलेली होती. दोन वर्षं दुखत होती, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की धाकटा घाबरून उठून जायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात सुजेचा आकडा उगाच वाढला नव्हता, त्यानेच वय चढलं. आधी ही दाढ काढा."

दाढ काढताना दातांचे डॉक्टर म्हणाले, "नातेवाइकांनी बाहेर थांबा."

धाकट्याने थोरल्याचा हात घट्ट धरला. "लहान भाऊ आहे माझा. बाहेर एकटा घाबरेल."

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. धाकटा एकोणसाठ, थोरला छप्पन्न.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना धाकटा जरा ओशाळला. "आता पुरे हे. तूच दादा."

थोरला कठड्याला धरून थांबला. "अजून तीन वर्षांनी मोठा आहेस," तो म्हणाला. "वडील गेले तेव्हा मी सोळाचा होतो. तेव्हापासून मी जेवलो की नाही हे घराबाहेर कोणी विचारलं नव्हतं."

धाकट्याने खाकरून घसा साफ केला.

"मग असा उन्हात काय उभा राहिलास?" तो दरडावून म्हणाला. "चल, सावलीतून चल."