नांगर फिरायच्या आत

हुस्नियाचा जीव थाऱ्यावर नव्हता. टोपली भरायची, डोक्यावर घ्यायची, चढण चढून वर ओतायची, आणि दर खेपेला मान वळवून मुसइदच्या गोठ्याकडे बघायचं. बैल बाहेर काढला का?

परवाच्या पावसात तिच्या शेताचा दगडी बांध बसला. नुसते दगड गेले असते तर एवढं काही नव्हतं. पण बांधाआडची काळी माती, सासऱ्याच्या आज्यापासून शेणखत घालून पोसलेली, ती सगळी खालच्या पायरीवर, मुसइदच्या शेतात जाऊन पसरली. आणि रैमा मुलखातल्या या डोंगरात रीत एकच. वरून आलेली माती वरच्याची, पण खालच्याचा नांगर फिरेपर्यंतच. एकदा नांगराचं तास पडलं की ती खालच्याची. मग बसा बोंबलत.

मुसइद वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर ती चार शिव्या घालून मोकळी झाली असती. पण त्याचाही पेरणीचा वाफसा निघून चालला होता. आज-उद्या जोंधळा पेरला नाही तर त्याचं वर्ष हातचं गेलं.

वर तिची सासू, जलीला, बांधाचे दगड निवडत बसली होती.

"आधी बांध घालतात, मग माती आणतात. उघड्यावर काय ओतत्येस?"

"बांधाला माणसं कुठायत? तुमचा लेक बसलाय तिकडे जिद्दा शहरात गाड्या धूत. आणि बांध होईस्तोवर हा नांगरून मोकळा होईल."

"मग कर हमाली. माझं काय, मी आपली बोलते."

म्हातारीचं खरं होतं. म्हणूनच हुस्निया जास्त चिडली आणि पुढची टोपली काठोकाठ भरली.

दुपार कलली. माथ्यावर ढग चढायला लागले. मुसइद बैल घेऊन आला आणि धुऱ्यावर उकिडवा बसला.

"वहिनी, किती राहिलंय?"

"डोळे फुटलेत का? सगळंच राहिलंय."

"मी काल थांबलो. आज सकाळपासून थांबलोय. पण हे ढग काय माझं ऐकतात?"

"मग नांगर की. लाज गुंडाळून नांगर."

"असं बोलू नका," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. हुस्नियाला वाटलं, याने ओरडावं, भांडावं.

पाऊस वरच्या माथ्यावरच पडला, इथे थेंबही नाही. पण उतारावरून गढूळ पाण्याचा लोट आला, तो थेट तिच्या शेतात. अडवायला बांध कुठे होता? तिने रचलेल्या ढिगाची एक बाजू ढासळली आणि या खेपेला माती मुसइदकडे गेलीच नाही. कडेच्या घळीतून सरळ खाली वादीकडे, दरीतल्या ओढ्याकडे निघाली. हुस्निया आडवी पडली, हातांनी, अंगरख्याच्या घोळाने अडवायला बघू लागली. बोटांच्या फटींतून काळं पाणी निसटत राहिलं. मुसइद धावत वर आला, दोघांनी मिळून दगड रेटले, तेव्हा कुठे पाव ढीग वाचला.

माथ्यावर पुन्हा काळोखून येत होतं.

ती उठली. उरलेल्या ढिगातली टोपली भरली, आणि डोक्यावर घेऊन खाली उतरली. मुसइदच्या शेतात ओतली. परत वर गेली.

"अगं, काय करत्येस?" जलीला ओरडली.

"तुम्हीच म्हणालात ना, उघड्यावर ओतू नये." तिने दुसरी टोपली उचलली. "मुसइद, जू ठेव."

"उद्या बघू, वहिनी. मी थांबतो."

"उद्या ती वादीत असेल, नाहीतर समुद्रात. तुझा बांध उभा आहे, नांगरून मिसळलीस तर तिथे टिकेल. नांगर."

"मग ती माझी होईल."

"ठाऊक आहे मला."

मुसइदने जू ठेवलं, फाळ रोवला, पण बैलाला हाकेना. तोंड फिरवून उभा राहिला. शेवटी हुस्नियानेच वेसण धरली आणि बैल मातीवरून पुढे ओढला. तास पडायला लागलं तशी ती रडू लागली, पण थांबली नाही.