कोतवाल बुकातलं नाव

माझं नाव समता सोनाळे. लहानपणी मला वाटायचं, सोनाळा गाव आमच्याच नावावर आहे, आणि वर्गात मी तशा फुशारक्याही मारल्या. खरं म्हणजे पणजोबा सखाराम सोनाळा सोडून देऊळघाटला आले, पुढे धम्मदीक्षा घेतली आणि जुनं आडनाव टाकून गावाचं नाव लावलं. जुनं काय होतं, हे घरात विचारायची सोय नव्हती. आबा, म्हणजे माझे आजोबा दयाराम गुरुजी, ताटावरून उठून जायचे.

आबा चाळीस वर्षं शाळामास्तर होते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना त्यांनी हाताला धरून सही शिकवली. आपल्या वस्तीत अंगठा उठवायचा नाही, हा त्यांचा कायदा.

मला नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण जात पडताळणीसाठी एकोणीसशे पन्नासच्या आधीचा पुरावा हवा होता. शुक्रवार शेवटचा दिवस. बाबांनी आणि मी सोनाळ्याच्या तालुक्याला, संग्रामपूरला, तीन खेपा घातल्या, तेव्हा कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, आबांच्या जन्माची नोंद सापडली: सखाराम ढोरओढे यास मुलगा झाला. पुढे जात लिहिलेली. पेढे वाटावेत असा कागद, पण मला तो हातात धरवेना.

आता दोन्ही नावं एकाच घराची, असं आबांनी शपथेवर लिहून द्यायचं होतं.

"मेलेलं ढोर ओढत नाही, असं म्हणे माहा बाप, म्हणून त्याले गाव सोडा लागलं," आबा म्हणाले. "ते नाव त्यानं वेशीवर टाकलं. तू काऊन उचलून आणलं?"

"मंग मी काय करू, आबा? हे नाव नाही दाखवलं त शिकाचं कसं?"

"शिकासाठीच त टाकलं होतं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला आबांचा भयंकर राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. शुक्रवारी मात्र ते आपणहून धुतलेला सदरा घालून गाडीत बसले.

बुलढाण्याच्या कचेरीत पुकारा झाला, "दयाराम सखाराम ढोरओढे!"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. कोणीतरी हसलं. आबा हलले नाहीत. दुसरा पुकारा झाला. त्यांनी उठावं म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते, आणि उठू नये असंही वाटत होतं.

"नसतील तर फाइल परत जाईल," लिपिक म्हणाला.

"हाव, हाजर आहो," आबा उठले.

लिपिकाने कागद पुढे सरकवला. "सही करा. दोन्ही आडनावं लिहून, पूर्ण."

आबांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. पण ‘दयाराम’मधला ‘द’सुद्धा त्यांच्याने लिहवेना. मग त्यांनी टोपण हळूच परत लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "मले लिहिता येत नाही."

लिपिकाने न बघताच शाईचा पॅड पुढे केला, आणि दयाराम गुरुजींनी अंगठा उठवला.