सरावाची लिफ्ट

भूकंपाचा सराव नीट पार पडला, तर सोसायटीचं सेक्रेटरीपद पुन्हा आपल्याकडेच राहणार, असा सेक्रेटरींचा हिशेब होता. फसला तर पद साडूकडे जाणार, आणि ते दुःख भूकंपाहून मोठं. म्हणून घसा बसेपर्यंत त्यांनी बजावलं होतं, "भोंगा वाजला की जिन्यानं उतरा. लिफ्टला हात लावू नका."

भोंगा वाजला. सेक्रेटरी घराबाहेर येऊन बघतात तर त्यांचा जवळजवळ अख्खा पाचवा मजला लिफ्टमध्ये!

"अहो, जिना!"

"सरावच आहे ना?" शेजारचे डॉक्टर आतून म्हणाले. "खरा भूकंप आला की उतरू जिन्यानं. आज कशाला पायपीट?"

त्यांना बाहेर ओढायला सेक्रेटरी आत घुसले आणि दार मिटलं. जुनी लिफ्ट, जास्तीची माणसं. दोन मजल्यांच्या मध्येच अडकली.

पाचव्या मजल्यावरून खाली पोहोचल्या त्या फक्त शेवटच्या घरातल्या काकू, जिन्यानं, कठडा धरत, दुखऱ्या गुडघ्यांनी.

"झाला का सराव?" त्यांनी वर बघून विचारलं.

"संकटात आमच्यासोबत राहिले," म्हणत अडकलेल्यांनी पुढे सेक्रेटरींनाच मतं दिली. लिफ्ट मात्र आठवडाभर बंद. थोडक्यात, पद सेक्रेटरींना, गप्पांना विषय डॉक्टरांना आणि पाच मजले चढणं काकूंना.